खडकातली पावले

आजकालच्या मुलांना आजोळच्या मामा-मावश्यांची नावे ओळीने सांगता येतीलच असे नाही. पण डायनोसॉरची नावे विचारून पाहा! टिरॅनोसॉरस, ट्रायसेराटॉप्स, ब्रॅकिओसॉरस अशी माळच लावतील. पंधराच्या पाढ्याला अडखळणारी जीभ 'पॅकिसेफॅलोसॉरस' म्हणताना जरासुद्धा अडखळत नाही, हा अनुभव घरोघरीचा आहे. अशा बालपंडितांपैकी एखादा फराळाच्या वेळी मध्येच विचारतो, "बाबा, माणसाने जिवंत डायनोसॉर पाहिला होता का हो?" आणि बाबा चकलीचा तुकडा मोडीत, "फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ती," असे मोघम काहीतरी सांगून आपली सुटका करून घेतात.

वास्तविक या प्रश्नाचे उत्तर अगदी सरळ आहे. नाही पाहिला. डायनोसॉरांची सद्दी सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपली. त्यांच्या कुळातली एक शाखा तेवढी वाचली, आणि तिलाच आपण पक्षी म्हणतो. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर आला तो जास्तीत जास्त ३ लाख वर्षांपूर्वी. म्हणजे दोघांची गाठ पडणे दूरच, एकाची वर्दी दुसऱ्याला पोचण्याचाही संभव नव्हता.

परंतु वाचकहो, या सरळ उत्तरावरून अमेरिकेसारख्या सुधारलेल्या देशात पुस्तके निघाली, चित्रपट निघाला, खटले उभे राहिले, संग्रहालये बांधली गेली. टेक्सास संस्थानातल्या एका लहानशा नदीच्या पात्रात तर डायनोसॉरच्या पावलांशेजारी माणसाची पावले उमटली आहेत, असे लोक वर्षानुवर्षे एकमेकांना दाखवीत होते. उंबरठ्यापासून देवघरापर्यंत लक्ष्मीची पावले काढण्याचे हे दिवस. तेव्हा यंदाच्या दिवाळीत या सदरातून पावलांचीच गोष्ट सांगितलेली बरी.

सहा दिवसांची सृष्टी

गोष्टीपूर्वी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, असे बायबलच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. जमिनीवरचे पशू आणि माणूस ही सहाव्या दिवसाची निर्मिती. आयर्लंडातील आर्माचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी बायबलातल्या वंशावळी आणि प्राचीन राजांच्या कारकिर्दी यांचा मेळ घालून सृष्टीच्या आरंभाची तारीखच मुक्रर केली. इसवी सनापूर्वी ४००४, ऑक्टोबर महिना, तारीख २३. हा ग्रंथ १६५० सालचा. आज आपल्याला हसू येते. पण अशर मोठे विद्वान होते आणि त्या काळी हाती असलेल्या साधनांनिशी त्यांनी हा हिशेब प्रामाणिकपणे केला होता.

पुढे खाणी खणल्या गेल्या, कालवे काढले गेले, खडकांचे थर उघडे पडले आणि त्यांतून विचित्र हाडे बाहेर येऊ लागली. १८४२ साली रिचर्ड ओवेन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञाने या प्रचंड प्राण्यांना 'डायनोसॉर', म्हणजे भयंकर सरडा, हे नाव दिले. गंमत अशी की, डायनोसॉरांचे बारसे करणारे हेच ओवेनसाहेब पुढे डार्विनचे कडवे टीकाकार ठरले. डार्विनचा ग्रंथ आला १८५९ साली. त्यानंतर बऱ्याच ख्रिस्ती धर्मपंडितांनी बायबलातला 'दिवस' हा चोवीस तासांचा समजू नये, असे म्हणून विज्ञानाशी जुळवून घेतले. १९९६ साली खुद्द पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही आता केवळ कल्पना राहिलेली नाही, अशा अर्थाचे निवेदन केले. त्यामुळे या वादाला 'धर्म विरुद्ध विज्ञान' असे नाव देणे बरोबर होणार नाही.

तरीही अक्षराला अक्षर धरून बसणारा एक मोठा वर्ग अमेरिकेत होता आणि आहे. त्याची अडचण अशी की, पृथ्वीचे वय जर सहा हजार वर्षे, तर डायनोसॉर बसवायचे कुठे? मग साहजिकच उत्तर निघते की, तेही सहाव्या दिवशीच जन्मले आणि माणसाबरोबर नांदले. ईयोबाच्या पुस्तकात बेहेमोथ नावाच्या एका बलाढ्य पशूचे वर्णन आहे. तो डायनोसॉरच असला पाहिजे. नोहाच्या तारवात त्यांचीही जोडी चढली असली पाहिजे, आणि जागा पुरावी म्हणून नोहाने पिल्ले घेतली असतील! केंटकी संस्थानात २००७ साली याच मताचे एक भव्य संग्रहालय उघडले. तेथे ओढ्याकाठी खेळणारी मुले आणि त्यांच्या आसपास वावरणारे डायनोसॉर असा देखावा मांडला होता. २०१६ साली त्याच मंडळींनी ५१० फूट लांबीचे तारू उभारले. त्यातल्या पिंजऱ्यांतही डायनोसॉर आहेत.

ही मंडळी वेडी किंवा लबाड आहेत असे समजून पुढे जाणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. मुलाबाळांची काळजी करणारे, देवाला भिऊन वागणारे असेच हे आईबाप असतात. ग्रंथाच्या पहिल्या पानावरचा शब्द खोटा ठरला, तर पुढच्या पानांवरच्या 'चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको' या आज्ञांचे काय, ही त्यांची भीती आहे. ती भीती समजून घेतल्याखेरीज नदीकाठची गोष्ट नीट समजायची नाही.

पलक्सी नदीच्या पात्रात

टेक्सासमध्ये ग्लेन रोझ नावाचे एक छोटे गाव आहे. गावाशेजारून पलक्सी नदी वाहते. १९०८ साली नदीला मोठा पूर आला आणि त्याने तळचा चुनखडीचा खडक धुऊन लख्ख केला. पुढच्याच वर्षी रानात भटकणाऱ्या एका मुलाला जवळच्या ओढ्यात तीन बोटांची भली मोठी पावले दिसली. पुढे नदीतही तशी पावले सापडली. त्यांच्या जोडीला काही लांबट, माणसाच्या पावलासारखे दिसणारे खळगेही होते. 'ही राक्षसांची पावले' असे गावकरी आपसांत बोलू लागले. त्यात कोणाचा काही डाव नव्हता.

मग १९३० नंतरची मंदी आली. शेतीत काही राम उरला नाही, हाताला काम मिळेना. नदीतली पावले दगडासकट कापून काढावीत आणि येत्या-जात्याला विकावीत, असा धंदा काहींनी सुरू केला. चांगली पावले संपत आली तेव्हा छिन्नी-हातोडा घेऊन नवी कोरण्यात आली. डायनोसॉरच्या पावलापेक्षा माणसाच्या अवाढव्य पावलाचे गिऱ्हाइकाला कुतूहल अधिक, म्हणून तीही कोरली गेली. पोटासाठी केलेल्या या कारागिरीचे पुढे काय होणार आहे, याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

१९३८ साली न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे जीवाश्म-संशोधक रोलंड बर्ड यांना न्यू मेक्सिकोतल्या एका दुकानात अशी दोन राक्षसी मानवी पावले पाहायला मिळाली. त्यांच्या अनुभवी डोळ्यांना ती कोरीव असल्याचे तेव्हाच कळले. पण हे दगड जिथून आले तिथे खरी पावलेही असणार, असा विचार करून त्यांनी थेट ग्लेन रोझ गाठले. तिथे त्यांना जे सापडले ते कोणत्याही राक्षसापेक्षा अद्भुत होते. लांब मानेच्या, खांबासारख्या पायांच्या अजस्र शाकाहारी डायनोसॉरांची पावले! एकेक पाऊल जवळजवळ वावभर नसले तरी हातभराहून कितीतरी मोठे. पाण्याने भरलेल्या अशा एका पावलात एक छोटे मूल टबात बसवावे तसे बसवून त्यांनी छायाचित्र काढले, ते पुढे जगभर गाजले. १९४० मध्ये मजूर लावून त्यांनी पावलांची एक आख्खी रांग खडकातून सोडवून काढली. पुढे शाकाहारी प्राणी चाललेला आणि त्याच्या मागोमाग तीन बोटांचा मांसाहारी. तिचा एक भाग आज न्यूयॉर्कच्या त्या संग्रहालयात आहे, दुसरा टेक्सासमधल्या ऑस्टिन येथे आहे.

बर्ड यांनी आपल्या लेखात प्रामाणिकपणे एक गोष्ट नमूद केली होती. नदीत काही अस्पष्ट, लांबट टाचेची पावलेही आहेत आणि ती आजवर न कळलेल्या एखाद्या सरपटणाऱ्या प्राण्याची असावीत, असे त्यांनी लिहिले. ज्यांना हवे होते त्यांनी एवढेच वाक्य उचलले. १९५० साली एका धार्मिक नियतकालिकात या पावलांवर लेख आला. १९६१ साली जॉन व्हिटकॉम्ब हे धर्मशास्त्री आणि हेन्री मॉरिस हे जलशास्त्राचे अभियंते या दोघांनी 'द जेनेसिस फ्लड' हे पुस्तक लिहिले. अमेरिकेतली आजची सृष्टिवादी चळवळ या पुस्तकापासून उभी राहिली असे म्हणण्यास हरकत नाही. त्यातही पलक्सीची पावले होतीच. १९७२ साली 'फूटप्रिंट्स इन स्टोन' हा चित्रपट निघाला आणि चर्चमधून, शाळांमधून तो दाखवला जाऊ लागला. कोट्यवधी वर्षांचे विज्ञान एका नदीने खोटे पाडले, असा त्याचा थाट होता.

चिखलाची साक्ष

आता हा दगड नेमका काय सांगतो ते पाहू. दिवाळीत मुले अंगणात किल्ला करतात तेव्हा चिखल कसा मुरतो हे सर्वांनी पाहिलेले आहे. ओल फार असली तर मांजर चालून गेल्यावर पंजा उमटतो, पण लगेच मिटतो. चिखल पार वाळला तर पंजा उमटतच नाही. मधल्या नेमक्या वेळी मांजर गेले तरच ठसा जसाच्या तसा राहतो. सुमारे ११ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी टेक्सासचा हा भाग उथळ समुद्राचा काठ होता. चुनखडीचा मऊ चिखल, त्यावर पडलेली पावले, वरून साठलेला गाळ आणि मग कोट्यवधी वर्षांचा दाब, अशी ही घडण आहे.

एवढी वर्षे कोणी मोजली, असा प्रश्न येतो. उदबत्ती कोणत्या वेगाने जळते हे ठाऊक असेल, तर उरलेली काडी आणि पडलेली राख पाहून ती केव्हा लावली हे सांगता येते. खडकातल्या काही मूलद्रव्यांचे तसेच आहे. युरेनियमच्या मुख्य प्रकाराचे निम्मे अणू शिशात बदलायला सुमारे ४४७ कोटी वर्षे लागतात. पोटॅशियमच्या एका प्रकाराला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. गाळाच्या थरांमध्ये सापडणाऱ्या ज्वालामुखीच्या राखेवरून अशी मोजणी करतात आणि वेगवेगळ्या घड्याळांची वेळ एकमेकांशी पडताळून पाहतात. 'कार्बनची मोजणी चुकते' असा आक्षेप नेहमी ऐकू येतो. पण कार्बनचे घड्याळ फार तर पन्नास हजार वर्षांपर्यंतच चालते. डायनोसॉरच्या कामी ते कोणी शास्त्रज्ञ वापरीतच नाही.

आकडे मोठे झाले की मन बधिर होते, म्हणून आपल्या पंचांगात बसवून पाहू. मागल्या दिवाळीच्या पाडव्याला पलक्सीच्या काठी ते पाऊल पडले असे समजा आणि तेव्हापासूनचा सारा काळ या एका वर्षात कोंबा. डायनोसॉर संपले ते गुढीपाडव्याच्या सुमारास. त्यानंतर वर्षा गेली, गणपती झाले, दसरा झाला, तरी माणसाचा पत्ता नाही. आपल्यासारखा माणूस आला तो वर्षाच्या शेवटच्या चोवीस तासांत. आणि अशर यांची सारी सृष्टी, आदमापासून आजपर्यंत, शेवटच्या अर्ध्या तासात आटोपते!

दुसरी परीक्षा ठशाची. खरे पाऊल पडते तेव्हा खालचे थर दबतात आणि वाकतात. छिन्नीने कोरलेल्या पावलाखाली ते नुसते कापले जातात. दगड चिरून बाजूने पाहिले की लबाडी उघडी पडते. विकले गेलेले काही दगड असे चिरून पाहिले गेले. ही तपासणी करून १९७५ साली निष्कर्ष छापणारे संशोधक कोण होते? कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा येथील, सहा दिवसांच्या सृष्टीवर विश्वास असणारे ॲडव्हेंटिस्ट पंथाचेच बर्नी न्यूफेल्ड! पलक्सीच्या पावलांवरून माणूस आणि डायनोसॉर एकत्र होते असे म्हणता येत नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. आपल्याच पक्षाच्या विरुद्ध साक्ष देणाऱ्या या गृहस्थांची आठवण ठेवली पाहिजे.

बोटे उमटली

मात्र नदीच्या पात्रात जागच्या जागी असलेल्या लांबट पावलांचे कोडे अजून सुटले नव्हते. ती कोणी कोरलेली नव्हती. १९८० पासून ग्लेन क्युबन नावाचे एक हौशी अभ्यासक दर उन्हाळ्यात तिथे जाऊन मोजमापे घेऊ लागले. पुढे शाळेत विज्ञान शिकवणारे रॉनी हेस्टिंग्ज हेही त्यांच्या जोडीला आले. पाणी आटले की खडक झाडायचा, धुवायचा, नकाशा काढायचा, असे हे काम होते.

कोड्याचा उलगडा असा. दोन पायांचे हे डायनोसॉर एरवी कोंबडीसारखे बोटांवर चालत आणि टाच वर उचललेली असे. परंतु काही वेळा ते सगळा तळवा टेकवून चालत, आणि मग पाऊल लांबट उमटे. पुढच्या तीन बोटांचे ठसे चिखल आत ढासळून बुजले किंवा नंतरच्या गाळाने भरून आले, की मागे राहतो तो टाचेपासून पुढे रुंद होत गेलेला खळगा. अगदी माणसाच्या पावलासारखा! १९८४ साली खडक नीट धुतल्यावर या दोघांना दिसले की, त्या 'मानवी' पावलांच्या पुढे रंगाने वेगळी, गाळाने भरलेली तीन बोटे स्पष्ट आहेत. पावलामागून पाऊल तपासले, तरी तीच तीन बोटे. इतकी वर्षे ती डोळ्यांसमोर होती. छायाचित्र काढताना हवा तेवढाच आकार पाण्याने नाहीतर तेलाने ओला करून उठावदार करीत, त्यामुळे बाकीचे नजरेआड राही.

१९८५ मध्ये सृष्टिवादी पुढाऱ्यांना बोलावून ही बोटे प्रत्यक्ष दाखवण्यात आली. त्यात हेन्री मॉरिस यांचे चिरंजीव जॉन मॉरिस होते. या पावलांवर त्यांनी स्वतः १९८० साली आख्खे पुस्तक लिहिलेले होते. १९८६ साली त्यांनी छापून सांगितले की, उत्क्रांतीविरुद्धचा पुरावा म्हणून ही पावले यापुढे वापरणे उचित नाही. कोडे पुरते सुटले असे त्यांनी मान्य केले नाही, हेही खरे. चित्रपटाच्या निर्मात्यांनी तर चित्रपटच मागे घेतला. आपल्या खर्चाने, आपल्या श्रद्धेने काढलेला, गावोगाव दाखवलेला चित्रपट मागे घेणे ही सोपी गोष्ट नव्हे. या दोघांच्या मतांशी आपले काडीचेही जमणार नाही. पण पुरावा पाहिल्यावर शब्द मागे घेण्याचा जो सभ्यपणा त्यांनी दाखवला, तो आपल्या भोवतालच्या पुष्कळ विद्वानांना घेण्यासारखा आहे.

सर्वांनाच तो जमला असे नाही. नदीजवळ एक खाजगी संग्रहालय १९८४ पासून आहे, आणि माणसाच्या पावलांची कथा तिथे सुटलेली नाही. पण तिथून हाकेच्या अंतरावर संस्थान सरकारचे 'डायनोसॉर व्हॅली' उद्यान आहे. २०२२ सालच्या कडक अवर्षणात नदी आटली तेव्हा तिच्या तळाची आणखी कित्येक पावले उघडी पडली. सगळी डायनोसॉरांची.

कोर्टाची पायरी

या श्रद्धेची झळ शाळेला लागली म्हणून प्रकरण न्यायालयात गेले. १९२५ साली टेनेसी संस्थानात डेटन गावी जॉन स्कोप्स या तरुण शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला झाला आणि १०० डॉलर दंड झाला. पुढे तांत्रिक मुद्द्यावर तो रद्द झाला, पण कायदा १९६७ पर्यंत पुस्तकात होता. १९६८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे कायदे घटनाबाह्य ठरवले. १९८७ साली, उत्क्रांतीच्या जोडीला 'सृष्टिविज्ञान' शिकवलेच पाहिजे अशी सक्ती करणारा लुइझियानाचा कायदाही गेला. २००५ साली पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावात नवे नाव घेऊन आलेला तोच विचार तिथल्या न्यायालयात टिकला नाही. १९८२ च्या अर्कान्सासच्या खटल्यात तर सृष्टिवादी कायद्याविरुद्ध फिर्याद करणाऱ्यांत पाद्री आणि बिशपच पुढे होते. आमचा धर्म विज्ञानाच्या तासाला परीक्षेला बसवू नका, हे त्यांचे म्हणणे.

त्यातले शहाणपण पाहण्यासारखे आहे. नदीकाठच्या पावलावर ज्या बापाने मुलाची श्रद्धा उभी केली, त्याच्या घरात ती तीन बोटे दिसल्यावर काय झाले असेल? मुलगा म्हणाला असेल, पाऊल खोटे, तर मग बाबांनी सांगितलेले बाकीचेही खोटे. चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, हे पटण्यासाठी माणसाने डायनोसॉर पाहिलेला असण्याची काय गरज होती? दगडाला साक्षीला बोलावले, की दगड जे सांगेल ते ऐकून घ्यावे लागते.

आपल्या अंगणात

हे सारे साता समुद्रापलीकडचे, आपल्याकडे असले काही नाही, असे म्हणून पान उलटण्याचा मोह होईल. पृथ्वीच्या वयाबद्दल आपल्याकडे भांडण नाही हे खरे. ब्रह्मदेवाच्या एका दिवसाचा हिशेबच ४३२ कोटी वर्षांचा! पण सोयीचे तेवढे ओले करून पाहण्याची सवय आपल्यालाही आहे. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम पाहून 'डार्विनचे सगळे आमच्याकडे आधीच होते' असे आपण अभिमानाने सांगतो. दशावतार हे भक्तीचे धन आहे. त्याला जीवशास्त्राचे प्रशस्तिपत्र कशाला हवे? २०१८ च्या जानेवारीत तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, एका केंद्रीय राज्यमंत्र्यांनी जाहीरपणे सांगितले की, माकडाचा माणूस झालेला कोणी पाहिला नाही, तेव्हा डार्विन चूक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्रितपणे त्याला हरकत घेतली. रात्री दूध पिताना मांजराला तरी कोण पाहतो? ओट्यावर उमटलेले पंजे आणि रिकामे पातेले पाहून गृहिणीला जे कळते, ते खडक पाहून शास्त्रज्ञाला कळते, इतकेच.

२०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या, म्हणजे एनसीईआरटीच्या, दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळाला. ओझे कमी करण्यासाठी तो काढला आणि बारावीच्या जीवशास्त्रात तो आहेच, असे कारण सांगितले गेले. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी सही करून विरोध केला. दहावीनंतर जी मुले वाणिज्याला, कलेला किंवा थेट कामाला जातात, त्यांची या विषयाशी कधी गाठच पडायची नाही, ही त्यांची काळजी रास्त होती. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने २०१८ साली काढलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांतीचा होता. घरात ते पुस्तक असेल तर आईबापांनीही एकदा चाळावे.

आणि डायनोसॉर काही टेक्सासपुरते नव्हते. ठगांचा बंदोबस्त करणारे कर्नल स्लीमन यांना जबलपूरजवळ १८२८ साली प्रचंड हाडे सापडली, तेव्हा 'डायनोसॉर' हा शब्दही जन्मला नव्हता. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्यावर महाराजांचे किल्ले उभे आहेत, तो डायनोसॉरांच्या अंताच्याच सुमाराला लाव्हा होऊन वाहिला. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचे गाव आहे. तिथल्या शिवारात डायनोसॉरांच्या हाडांबरोबर त्यांची दगड झालेली विष्ठाही सापडते. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तो काय! आत गवताचे कण! तोपर्यंत शास्त्रज्ञांची अशी समजूत होती की, डायनोसॉरांच्या काळी गवत जवळजवळ नव्हतेच. विदर्भातल्या शेणाच्या गोळ्याने ती समजूत बदलायला लावली. त्यासाठी कोणी न्यायालयात गेले नाही, कोणाची श्रद्धा बुडाली नाही. पुस्तके दुरुस्त झाली आणि काम पुढे चालू राहिले.

ग्लेन रोझला सृष्टिवाद्यांना आपला शब्द मागे घ्यावा लागला आणि पिसदुऱ्याला शास्त्रज्ञांना. दोन्हीकडे निकाल दगडानेच दिला. फरक एवढाच की, विज्ञानात असा निकाल मानणे हा रोजचा रिवाज आहे. जे. बी. एस. हॉल्डेन हे थोर जीवशास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आले आणि इथलेच नागरिक झाले. उत्क्रांती कशाने खोटी ठरेल असे त्यांना कोणी विचारले, तेव्हा अतिप्राचीन खडकात ससा सापडला तर, असे ते म्हणाल्याचे सांगतात. आपले मत कशाने खोटे ठरेल हे आधीच सांगून ठेवणे ही मोठी हिंमत आहे. ती आपल्या मुलांच्या अंगी बाणावी असे वाटत असेल, तर त्यांच्या 'कशावरून?' या प्रश्नाला वडीलधाऱ्यांनी कंटाळू नये. उत्तर ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून शोधावे. सुटीचे दिवस आहेत, वेळही आहे.

दाराशी काढलेली पावले श्रद्धेची आहेत, ती तशीच असू द्यावीत. खडकातली पावले मात्र पाणी टाकून, धुऊन, नीट पाहून घ्यावीत. दोन्ही पावलांना घरात जागा आहे. सर्व वाचकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!